दुसरा बहर

बँकेच्या लॉबीतली ऑर्किडं दर सहा आठवड्यांनी बदलतात.
पहिलं फूल मान टाकतं न टाकतं,
तोच कंत्राटदाराची गाडी नवी घेऊन हजर,
आणि जुनी, कुंडीसकट, काळ्या पिशवीत.
ती पिशवी मागच्या दाराशी नेऊन टाकायचं काम
माझ्या आईचं. झुल्मिरा, रात्रपाळी, तळमजला.

तिने टाकली नाही.
पहिलं घरी आणलं तेव्हा म्हणाली, पानं तर बघ,
जिभेसारखी जाड. यांचं बोलून झालेलं नाही अजून.
मग पहाटेच्या ट्राममधून एकेक येत गेलं,
कोटाच्या आत, गळ्याशी धरून,
कारण जानेवारीत रॉटरडॅमचा वारा
नदीवरून उठतो तो थेट देठावर येतो.

आता सदतीस आहेत.
न्हाणीघर त्यांचंच. आंघोळीला जायची
परवानगी आम्ही मागतो.

रविवारी सगळ्यांना कोमट पाणी.
पारदर्शक कुंडीतून मुळं दिसतात:
चंदेरी म्हणजे तहान, हिरवी म्हणजे हात आवर.
पानांच्या बेचक्यात थेंब राहिला
तर ती कापसाच्या बोळ्याने टिपून घेते,
लहानपणी माझ्या कानामागचं पाणी टिपायची तसं.
ती ज्या बेटावर वाढली तिथे पाणी
डब्याच्या मापाने विकत मिळायचं.
म्हणते, इथली माणसं झाडांना तहानेने नाही मारत,
मायेने मारतात.

चौदा महिने नुसती पानं.
मी म्हटलं, आई, ही कोबीची शेती आहे.
ती काही बोलली नाही. शरद ऋतूत रात्री
खिडकीची एक फट उघडी ठेवायला लागली;
गारवा लागल्याशिवाय यांना आठवत नाही म्हणाली.
काय आठवत नाही, ते मी विचारलं नाही.
मी दोन पायमोजे घालून झोपले.

आणि मग एका रविवारी दार वाजलं.
खालच्या मजल्यावरचे कोर्नेलिस,
हातात छताचा फोटो, फोटोत पिवळा डाग
बशीएवढा, कडेने वाढत चाललेला.
बोलायचं पाठ करून आले होते बहुतेक,
कारण पहिलं वाक्य खणखणीत आलं
आणि दुसरं न्हाणीघराच्या दारात अडकलं.

टबमध्ये, बेसिनवर, कपड्यांच्या दोरीला टांगलेली,
सदतीस, नुकतीच न्हालेली.

एकतीस वर्षं, ते म्हणाले, काचघरात हेच केलं.
रोप, काठी, चिमटा, रोप, काठी, चिमटा.
दोन कळ्या उमलल्या की ट्रॉलीवर, ट्रॉली ट्रकमध्ये.
यांचं फूल गळताना मी कधी पाहिलं नाही.
त्यानंतर यांचं काही होत असेल
हे तर डोक्यातच आलं नव्हतं.

चष्मा कपाळावर सरकवून ते वाकले.
आरशाजवळच्या कुंडीत, तिसऱ्या पानाखाली,
आम्ही जे मूळ समजत होतो
त्याला त्यांनी करंगळीने दाखवलं, स्पर्श न करता:
मुळाचं टोक गोल असतं. हे बघा,
हे हातमोज्यासारखं. हा दांडा आहे.
आता कुंडी फिरवू नका, नाहीतर वाकडा वाढेल.

आई मटकन टबच्या काठावर बसली.

मार्चमध्ये फुललं. पाच फुलं,
फिकट हिरवट पिवळी, नाकाशी जरा जांभळी.
बँकेत असताना कोणत्या रंगाचं होतं
ते आईला आठवेना. तिथे दिवे मंद असतात रात्री.
कोर्नेलिस रोज येत, कोट न काढता,
दहा मिनिटं उभे राहत, कॉफी अर्धी टाकून जात.
मे संपता संपता पहिलं फूल बेसिनमध्ये पडलं.
त्यांनी ते उचलून रुमालात ठेवलं
आणि खाली घेऊन गेले. काय केलं त्याचं, माहीत नाही.

डाग अजून आहे. घरमालकाला कळलेला नाही.
रविवारी वर पाणी सुरू झालं
की ते खालून काठीने छताला दोनदा ठोकतात.
चालू द्या, असा त्याचा अर्थ आहे
असं आई म्हणते.
मला तितकीशी खात्री नाही.